पिकअप घेत नाही

९ जून, सोमवार

सर्व्हिसिंग केल्यावर गाडी सुधारते की बिघडते? आमची बिघडली! शुक्रवारी धुऊन-पुसून, आत तो गोडमिट्ट वास मारून आणली आणि आज नेर रोडवर खताच्या पोत्यांचा ट्रॅक्टर ओलांडता येईना. ट्रॅक्टर! पाय पूर्ण दाबला, पेडल खाली टेकलं, पण गाडी आपली हुं-हुं करत तिथेच. मागून एसटीवाला हॉर्नवर हात ठेवून बसला. जाताना खिडकीतून कंडक्टरने माझ्याकडे अशी नजर टाकली की, बाईमाणूस आहे, चालायचंच. मागच्या आठवड्यापर्यंत हीच गाडी नुसतं बोट लावलं तरी पळायची.

शुक्रवारी मी बँकेत होते, म्हणून यज्ञेश्वर गाडी आणायला गेला. त्याला चालवता येत नाही, जन्मभर स्कूटर. म्हणून देवरावला सोबत नेलं होतं. देवराव म्हणजे मी ज्याच्या ड्रायव्हिंग क्लासमध्ये शिकले तो. (समोर 'अहो', इथे यज्ञेश्वर. ही वही माझी आहे.)

आणि हे आताच व्हायचं होतं! प्रमोशनची यादी लागली आहे. मी, शाखा व्यवस्थापक, पांढरकवडा. एक जुलैला रुजू व्हायचं. होकार की नकार, तीस तारखेपर्यंत लेखी. लेक गुंजन दहावीला होती तेव्हा एकदा नकार दिला आहे. आता दिला की विषय संपला, मग रिटायर होईपर्यंत नेरचं तेच टेबल आणि तोच करकरणारा पंखा. यवतमाळहून पांढरकवडा रोज जाऊन-येऊन करायचं तर गाडी खणखणीत पाहिजे.

१० जून

शोरूमला फोन केला. सर्व्हिस अॅडव्हायझर पियुष. "मॅडम, सर्व्हिसिंगनंतर गाडी सेट व्हायला टाइम लागते." सेट! गाडी आहे की दही?

वर म्हणतो, "सरांचा नंबर आहे आमच्याकडे, त्यांच्याशी बोलून घेतो." गाडी माझ्या नावावर. हप्ते माझ्या पगारातून गेले. चालवते मी. आणि बोलणार सरांशी! म्हटलं, नंबर बदला, माझा टाका. "हो मॅडम, करून घेतो." असं 'करून घेतो' म्हणणाऱ्या माणसाने आजवर काहीही केलेलं मी पाहिलं नाही.

१४ जून, शनिवार

सुटी. शोरूमला गेले. यज्ञेश्वर सोबत आला. रिटायर झाल्यापासून बिचारा कुठेही सोबत येतो.

काचेच्या खोलीत बसवलं. मशीनमधली कॉफी म्हणजे साखरेचं गरम पाणी. भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं पोस्टर, नवरा स्टेअरिंगवर, बायको शेजारी दात काढून. तासाभराने पियुष आला आणि माझ्यावरून नजर काढून यज्ञेश्वरला म्हणतो, "सर, दोन मिनिटं येता का?" दोघं गाडीजवळ जाऊन उभे. काचेतून दिसून राहिले होते. पियुष वाकून आत काहीतरी दाखवत होता, यज्ञेश्वर मान हलवत होता. मी उठून गेले तर पियुषने फटकन दार लावलं. "कार्बन जमला मॅडम. क्लीनिंग करावं लागन."

मला काहून नाही दाखवत? मला डोळे नाहीत?

मग यज्ञेश्वर जे बोलला! मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरून, मोठ्या आवाजात! "माझ्या मिसेस रोज नेरला जाऊन-येऊन करतात. त्यांना गाडीतलं कळत नाही असं समजू नका!" सत्तावीस वर्षांत या माणसाने भाजीवाल्यावरही आवाज चढवला नव्हता. खरं सांगते, बरं वाटलं. भरून आलं.

कार्बन काढला. बिल दिलं. परत येताना आर्णी रोडवर गाडी तशीच मरतुकडी. चोट्टे!

१७ जून

यूट्यूबवर एक दिल्लीचा पोरगा आहे, 'हॅलो दोस्तों' म्हणत सगळ्या गाड्यांची पोटं फाडतो. त्याचं बघून बघून आता मीच अर्धी मेकॅनिक झाले. टायरमधली हवा बघितली, ठीक. ब्रेक धरून राहिले का, म्हणून हात लावून चाकं बघितली, गार. एसी बंद करून चालवली, तेच. पेट्रोल खराब असेल म्हणून पंप बदलला, तेच.

नव्या पंपावर देवराव भेटला, क्लासच्या गाडीत तेल भरत होता. त्याची ती गाडी, मी शिकले तेव्हाची, अजून जिवंत आहे! तीही अशीच होती म्हणा. कितीही दाबा, सायकलच्या पुढे जायची नाही. म्हणाला, "काय म्हनते गाडी म्याडम? आता पाय हलका झाला असन तुमचा!" आणि तंबाखूचे दात काढून हसला. भैताड! ओळख नाही तितकी सलगी. मी काचच वर केली.

१८ जून

पियुषने नंबर बदललेला नाही. आजही 'आमची सेवा कशी वाटली' हा फोन यज्ञेश्वरला आला. तो म्हणे, "उत्तम सांगून टाकलं, कशाला डोक्याला ताप."

२० जून, शुक्रवार

बँकेत सलोनी डबा उघडून रडत बसली. नवीन लागलेली कारकून, हुशार पोरगी. तिचा नवरा म्हणे रोज तिच्या स्कूटीचं किलोमीटर बघतो. कुठे गेली, किती गेली. मी म्हटलं, "तू मान्य काहून करते?" तर म्हणते, "काळजी करतात हो मॅडम माझी."

काळजी! असले नवरे उकळत्या पाण्यात घालावे. घरी येऊन यज्ञेश्वरला सांगितलं, तर तो चहा गाळता गाळता म्हणाला, "लोकंही काय काय करतात." साधा माणूस. त्याला असलं सुचायचंही नाही.

२१ जून, शनिवार

सापडले! रंगेहाथ पकडले!

त्या दिल्लीवाल्याने सांगितलं होतं, एअर फिल्टर चोंदला तर गाडी उचलत नाही. म्हणून परवा शोरूमला सांगितलं, फिल्टर बदलून टाका. पण पाठवण्याआधी मीच बोनेट उघडून जुन्या फिल्टरच्या कडेला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला होता. काल गाडी आली. बिलात छापलेलं, नवीन एअर फिल्टर. आज उघडून बघते तर ठिपका! माझाच! तिथेच! हसत बसलेला.

बँक सुटल्यावर तशीच गेले. फिल्टर काढून मॅनेजरच्या टेबलावर आपटला, सगळी धूळ त्याच्या कीबोर्डवर. तोंड बघण्यासारखं झालं होतं. "बिलात चुकून आलं मॅडम. मिस्टेक झाली." चूक नेहमी यांच्याच खिशाकडे कशी वळते? नवा फिल्टर माझ्यासमोर बसवून घेतला. आणि मी अजून केबिनमध्ये उभी असताना तो माणूस फोन लावतो, "सर, मॅडम जरा चिडल्या आहेत." सरांना! माझी तक्रार! शाळेतली मुलगी आहे का मी?

नव्या फिल्टरनेही काडीचा फरक नाही.

२२ जून, रविवार



पांढरकवड्याची शाखा बघून यावी म्हणून निघालो, मी आणि यज्ञेश्वर. त्याचं सकाळपासून चाललं होतं, "बसने जाऊ, गाडीचा भरवसा नाही." मी ऐकलं नाही. जोडमोह्याच्या पुढे एक सिमेंटचा ट्रक रांगत होता. समोर लांबपर्यंत मोकळा रस्ता, मी नीट बघितलं, शपथेवर सांगते नीट बघितलं, आणि गाडी बाहेर काढली. पाय पूर्ण दाबला. ट्रकच्या अर्ध्यापर्यंत गेली आणि तिथेच. पुढे जाईना. समोरून टिप्पर, लाइट मारत. मी पेडलवर उभीच राहिले जवळजवळ, तरी नाही! ब्रेक मारून मागे झाले, ट्रकच्या पाठीमागून डावीकडे ओढली, चाकं रस्त्याखालच्या काळ्या चिखलात. टिप्परवाला आईमाईवरून शिव्या देत गेला. बरोबर होत्या.

दोघंही चिखलात उतरलो. यज्ञेश्वर पांढराफटक. नुसता माझा हात धरून उभा. मग म्हणाला, "राहू दे कुंदा. नको ते पांढरकवडा. मला तू पाहिजे." डोळ्यांत पाणी त्याच्या.

शाखा बघितली नाही. तिथूनच परत आलो. चिखलाचे पाय तसेच गाडीत.

२४ जून

आता ओव्हरटेक करायला भीती वाटते. मला! लिहायला लाज वाटते. आज नेर रोडवर एका बैलगाडीमागे किती वेळ जाऊन राहिले.

गुंजनचा पुण्याहून फोन. "आई, दुसरी गाडी घे, पण जा." मागून यज्ञेश्वर, "आता कुठे नवीन गाडी! आणि तिकडे खोली करून राहशील तर मी इथे एकटा काय करू?" मग लगेच, "तुझी इच्छा पण. मी कोण अडवणारा?" खरंच आहे. त्याने कधी अडवलं नाही. अडवलं त्या शोरूमवाल्यांनी. माझं प्रमोशन तेल-पाण्यात बुडवलं हरामखोरांनी, आणि वर टाय लावून 'वेलकम मॅडम'.

२७ जून, शुक्रवार

नकार लिहिला. 'कौटुंबिक कारणास्तव.' खरं कारण लिहायची सोय नसते, की शोरूमने गाडी बिघडवली आणि बाई घाबरली.

पर्समध्ये ठेवला आहे. सोमवारी देणार. यज्ञेश्वरने न सांगता कांदेपोहे केले. "शहाणी आहेस," म्हणाला. शहाणी वाटत नाही. हरल्यासारखं वाटतं, आणि तेही कोणाकडून तर ज्याला जुना आणि नवा फिल्टर कळत नाही त्या पियुषकडून!

२९ जून, रविवार

यज्ञेश्वर बहिणीकडे घाटंजीला गेला. मला घरात बसवेना, म्हणून अंगणात गाडी धुवायला काढली. त्या चोट्ट्यांचा हात आता माझ्या गाडीला लागू द्यायचा नाही. जोडमोह्याचा चिखल पायपुसण्यांवर वाळून दगड झाला होता. पायपुसणी ओढून काढली, खालचं कापडही उचललं, आणि अॅक्सिलरेटरच्या खाली बघते तर एक काळा रबरी ठोकळा. मुठीएवढा. दोन स्क्रूने पत्र्यात पक्का केलेला. हाताने पेडल दाबून बघितलं. अर्ध्यावर येऊन ठोकळ्याला टेकतं. अर्ध्यावर!

माय वो! म्हणजे तीन आठवडे मी पूर्ण दाबते आहे असं समजत होते, आणि गाडीला अर्धंच पोचत होतं! कार्बन म्हणे! फिल्टर म्हणे! सर्व्हिसिंगमध्ये यांच्या कोण्या दिवट्याने स्वतःचं सामान ठोकून ठेवलं आणि नंतर तीनदा गाडी आत घेऊन कोणालाच दिसलं नाही? की दिसलं आणि बिलं फाडत बसले? आम्ही मेलो असतो त्या टिप्परखाली. दोघंही!

फोटो काढून पियुषला पाठवला. लिहिलं, हे काय आहे सांग, नाहीतर उद्या तू, तुझा मॅनेजर आणि तुमची ती कॉफी, सगळ्यांना ग्राहक मंचात उभं करते. त्याची रविवारची सुटी, उत्तर नाही. ठोकळा काढला नाही. पुरावा आहे. यज्ञेश्वर आला तेव्हा झोप लागली होती. सकाळी सांगते त्याला, खूश होईल.

३० जून, सोमवार

त्याला सांगण्याआधी पियुषचा फोन आला. पहिल्यांदा माझ्या नंबरवर. "मॅडम, तो ठोकळा आमचा नाही. क्लासच्या गाडीत लावतात तो आहे, देवरावभाऊंनी बसवलेला. आम्ही चौदा तारखेलाच सरांना दाखवला होता. सर म्हणाले, मीच लावून घेतला, राहू द्या, मॅडमला सांगू नका. आम्हाला वाटलं, घरची बाब आहे."

म्हणजे जोडमोह्यापुढे टिप्पर समोरून येत होता, मी पेडलवर उभी होते, तेव्हा माझ्या शेजारी बसून त्याला माहीत होतं.

स्क्रू मीच काढले. नकाराचं पत्र फाडलं, होकार दिला. रात्री जेवताना ठोकळा त्याच्या ताटाशेजारी ठेवला. आज समोरही अहो म्हटलं नाही. म्हटलं, "यज्ञेश्वर, हे तुझं सामान."

"काळजीपोटी गं, कुंदा..." म्हणाला.

भाजी वाढली. उद्या साडेसातला निघायचं आहे.