एक वीत चार बोटांचा सबवूफर

२ नोव्हेंबर, सोमवार
काल साडूंकडे गेलो होतो. त्यांचा नवा सबवूफर, म्हणजे टीव्हीला जोडायचा ढम्म आवाजाचा खोका, फ्रिजएवढा आहे. टीव्हीवर कोणी दार आपटलं की कपातला चहा हलतो. तुमच्याकडे अजून टीव्हीचाच आवाज का हो, असं त्यांनी विचारलं. सगळे हसले. हीसुद्धा. साडूंचं हसणं मी गिळलं, हिचं मात्र घशात अडकलं.
निश्चय: बावीस तारखेला ती दोघं आपल्याकडे जेवायला येणार. त्याआधी सबवूफर घरात. छोटा. मूर्ती लहान पण कीर्ती महान. पैसे पडद्यांचे. ही म्हणाली, पडदे नसले की समोरच्या बिल्डिंगला सगळं दिसतं. मी म्हणालो, आपल्याकडे पाहण्यासारखं आहे काय?

४ नोव्हेंबर
ऑफिसात दिवसभर अभ्यास. आठ इंची की दहा इंची, बंद खोका की भोकवाला. आता या विषयात मला शिकण्यासारखं फारसं उरलेलं नाही. साहेबांना वीस मिनिटं समजावलं. त्यांनी न मागता अर्ध्या दिवसाची रजा दिली. गोडी लागलेली दिसते.

५ नोव्हेंबर
अंतिम निवड: दहा इंची.

५ नोव्हेंबर, संध्याकाळी
चपलांचं कपाट आणि भिंत यांच्यामधली जागा हिने हाताने मोजली. एक वीत चार बोटं. त्याहून मोठा आणलात तर त्याच्यासोबत जिन्यात राहा, म्हणाली.
अंतिम निवड: साडेसहा इंची. खरे जाणकार साडेसहाच घेतात.

७ नोव्हेंबर, शनिवार
दुकानात तीन ऐकले. डोळे मिटून. पहिला गढूळ. दुसरा उर्मट. तिसऱ्याला मी लगेच मान डोलावली. दुकानदार म्हणाला, तिसरा अजून लावायचाय. मी म्हणालो, माहीत आहे. तोच घेतला. हिला अचानक खोकल्याची उबळ आली.

८ नोव्हेंबर, रविवार, सकाळी
शास्त्र असं आहे: सबवूफर आपल्या बसायच्या खुर्चीत ठेवायचा, गाणं लावायचं आणि आपण खोलीभर रांगायचं. जिथे आवाज सगळ्यात भरदार लागेल, ती त्याची जागा. पावणेदोन तास रांगलो. गुडघे सोलले. समोरच्या बिल्डिंगमधल्या निवृत्त मास्तरांनी हिला फोन करून विचारलं, यांचं काही हरवलंय का? ही म्हणाली, हो, बरंच काही.
सर्वोत्तम जागा निघाली बाथरूमच्या दारात. चर्चेअंती चपलांच्या कपाटाशेजारी ठेवला. चर्चा हिने केली.

१० नोव्हेंबर, मंगळवार
खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर आले. भयंकर तापले होते. पेशंटच्या तोंडात ड्रिल आणि डोक्यावर ढम्म, म्हणाले. दाढेऐवजी हिरडीला लागता लागता वाचलं. मी माफी मागितली, पण मनात उकळ्या फुटत होत्या. साडेसहा इंचांनी दवाखाना हलवला!
ही त्यांना जिन्यापर्यंत पोचवायला गेली. बराच वेळ बोलत होते. पेशंट बिचारा तोवर आ वासून बसला असेल.

१४ नोव्हेंबर, शनिवार
नवा सबवूफर वापरून वापरून मुरतो, असं वाचलं होतं. अगदी खरं. मंगळवारपासून आवाजात जमीन-अस्मानाचा फरक. आता ढम्म नाही. एक संथ घरघर, तळपायातून वर येणारी. गाणं थांबलं तरी ती थोडा वेळ राहते. हे साडूंच्या फ्रिजला जमायचं नाही. असे कान तयार व्हायला पन्नाशी गाठावी लागते.

२२ नोव्हेंबर, रविवार
साडूंना जेवणाआधीच खुर्चीत बसवलं. टीव्हीवर गाणं लावलं. आज घरघर नव्हती. मी म्हणालो, संयम ऐका. साडूंनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, आवाजाला खोली आहे. आमच्याकडे नाही ही.
जिंकलो! मीही समाधानाने डोळे मिटले.
तेवढ्यात हिची ताई मोबाइल चार्ज करायला कपाटामागे वाकली. विचारलं, ही वायर लोंबतेय, कशाची आहे? ही म्हणाली, सबवूफरची. त्या मंगळवारी काढली ती काढलीच, डॉक्टरांना शब्द दिला होता. मी डोळे न उघडता विचारलं, मग घरघर? ती डॉक्टरांच्या ड्रिलच्या कंप्रेसरची, रविवारी दवाखाना बंद असतो, म्हणाली.
दोघी बहिणी स्वयंपाकघरात जाऊन हसल्या. बराच वेळ. मी आणि साडू गाणं संपेपर्यंत तसेच बसलो. आधी डोळे कोणी उघडायचे, हा प्रश्न होता.

२४ नोव्हेंबर, मंगळवार
कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. थोडा तरी बहिरेपणा निघेल अशी फार आशा होती. घरात तोंड दाखवायला जागा झाली असती. त्यांनी अर्धा तास तपासलं. कान ठणठणीत, म्हणाले. या वयात असे कान क्वचित बघायला मिळतात.
घरी आल्या आल्या हिने विचारलं, काय म्हणाले डॉक्टर?
मी ऐकू न आल्यासारखं केलं.