मोकळं हात

तात्या, लिवण्यात चुका असतील तर राग मानू नका. नववीतनं शाळा सोडली ती सोडलीच, आणि आता मोबाईलवर एका बोटानं लिवतीया, एकेक अक्षर हुडकावं लागतंय. तुमाला जाऊन धा वर्सं झाली. तुमी माजं पणजोबा, पण सगळं गाव तात्या म्हणायचं म्हणून मीबी तात्याच म्हणायची. हे तुमाला कुटंच पोचणार न्हाई, ते मला ठावं हाय. तरीबी लिवते, कारण उद्याचं कुणापाशी बोलता येईना.

उद्या सकाळी गावातनं तालुक्याच्या कचेरीवर मोर्चा हाय. वड्याच्या वरल्या अंगाला फॅक्टरी झाली तवापासनं पाण्यावर तेलागत तवंग येतोय. गेल्या आठवड्यात मासं पोट वर करून काठाला लागलं, पांढरं पांढरं, लांबनं बघितलं तर कुणी धुणं वाळत घातल्यागत. आपल्या म्हशीचं रेडकू त्याच पाण्यानं गेलं. आता कुत्रीबी वड्याला तोंड लावत न्हाईत. आज दुपारी आष्ट्याच्या बाजूनं पोलिसांची गाडी आली, चावडीम्होरं उभी राहिली. कुणी खाली उतरलं न्हाई, काचा वर, इंजिन चालू. पंधरा मिन्टांनी आली तशी गेली. तवापासनं गावात सगळी हळू बोलाय लागल्यात.

मोर्चा अंगणवाडीच्या बाईंनी काढलाय. परवाच्या मीटिंगला त्या म्हणल्या, तात्यांच्या वेळंला जशी रीत हुती तशीच आपुन करायची. कुणाच्या हातात काठी न्हाई, खिशात दगड न्हाई. गावच्या शिवंवर एक जण हात म्होरं करून उभा राहणार, ज्याच्यापाशी जे असंल ते त्यानं आपुन होऊन द्यायचं, मंगच म्होरं जायचं. आणि हे काम कुणाला, तर मला. सगळी हसली. एक म्हातारा म्हणला, "आवं बाई, हिला सोताचं नाव सांगायला अर्धा तास लागतोय!" बाई म्हणल्या, "म्हणून तर. हिच्याशी भांडणार कसं तुमी?" आणखी हसली. मी पदराच्या आड बसल्यागत आईच्या मागं सरकले, पण बाईंनी माज्यावरची नजर काढली न्हाई. घरी येईस्तोवर मला वाटाय लागलं, मला जमंल.

हात म्होरं करायचं तुमीच मला शिकवलं हुतं. सात वर्सांची असंन. दादाच्या हातातला पेरू मी हिसकला, त्याला नख लागलं. तुमी चुलीपुढं बसून पावटं सोलत हुता. तुमी कवा ओरडायचा न्हाई, त्या दिशी ओरडला. "दे त्येचं त्येला. आता हात म्होरं कर. आणि थांब." मी हात करून उभी. दादा खातोय, मी उभी. हात दुखाय लागला. शेवटाला त्यानं उष्टा तुकडा दिला. तुमी म्हणला, "हिसकून घेतलं तर त्येचा हात रिकामा हुतोय, माणूस तसाच राहतोय. आमचं मास्तर असं सांगायचं."

मंग तुमी त्या मास्तरांचं सांगितलं, इंग्रजाच्या राज्यातलं. सायबाचा पट्टेवाला दिसला तरी कणगीमागं लपणारी आपल्या गावची माणसं, आणि मास्तरांसंगं उभं राहिलं की आपलीच उंची वाढल्यागत वाटायचं. मोर्चात मास्तर म्होरं कवाच चालत न्हाईत, सगळ्यात मागं. झेंडा द्यायचा त्यो गावातल्या सगळ्यात भित्र्याच्या हातात. आणि शिवंवर हात म्होरं करून उभं करायचं एका पंधरा वर्सांच्या पोराला, मंजी तुमाला. तुमी सांगताय आणि शेंगा सोलायच्या थांबल्यात. माणसं येत्यात, कोण काठी देतोय, कोण गोफण. मंग तुमचा चुलता येतो, खांद्यावर घोंगडं. घोंगड्याखाली विळ्याचा वाकडेपणा तुमाला दिसतो. चुलत्याम्होरं हात कसा करायचा? त्येंच्याच घरात जेवत हुता तुमी. तुमी खाली बघता. चुलता जातो. कचेरीम्होरं त्यो विळा भाईर निघाला आणि मंग गोळ्या सुटल्या. मास्तर मागं हुतं, ते आडवं पळत म्होरं आलं आणि तिथंच पडलं.

"कुणाला सांगू नगंस," तुमी म्हणला. "झेंडावंदनाला मला म्होरल्या खुर्चीत बसवत्यात, हार घालत्यात. तू बोलत न्हाईस म्हणून तुला सांगितलं." मला तवा अर्धंच कळलं. पण मी कुणाला सांगितलं न्हाई. आजपातूर.

आज दुपारी पोलिसांची गाडी गेल्यावर मी शेडच्या मागं चुलीला शेण्या आणाय गेले, तर दादा मोटरसायकलच्या नळीतनं कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल काढत हुता. तोंडाला चिंधी कोंबून बाटली त्यानं पिशवीत ठेवली. मला बघून दचकला, मंग हसला. "काय गं मुके? तू काय बघितलं न्हाईस." मी तशीच घरात आले, शिलाईच्या मशीनवर बसले, एका ब्लाऊजची बाही उलटी जोडली. उसवली. परत उलटीच जोडली.

दिस कलला तसा दादा पिशवी घिऊन चुलीपाशी भाकरी खायला बसला. मी जाऊन त्याच्याम्होरं उभी राहिले आणि हात म्होरं केला.

"भाकरी पायजे? घे की."

मी हलले न्हाई. त्याला कळलं. "बाईंची पोलीस झालीस व्हय आता? तीन अर्ज दिलं गं त्यांनी, कचेरीत कुणी वाचलं तरी का? रेडकू तडफडून मेलं तवा तुज्या बाई कुटं हुत्या?"

आई तवा सरकवत म्हणली, "काय चाललंय रं तुमचं? मोर्चा घरातच काढताय व्हय? माजी भाकरी करपली."

तोंडातनं शब्द फुटंना. आणि मंग फुटलं तर तेच फुटलं, तात्या, तुमचं. चुलता, घोंगडं, विळा, मास्तर, सगळं. मी जन्मात एवढं सलग बोलले नसंन. आईनं भाकरी तव्यावरच सोडली. दादानं हातातला घास ताटात ठेवला. मंग म्हणला, "मंजी मास्तर तात्यांमुळं मेलं?" मी म्हणले, व्हय. असं म्हणायला नगं हुतं का? दुसरं काय म्हणायचं ते मला सुचलं न्हाई.

त्यानं पिशवी उचलली, माज्या हातात ठेवली आणि भाईर गेला. गड्यागत चालत गेला न्हाई, आजाऱ्यागत गेला. मला वाटलं हुतं आता मला हलकं वाटंल. बाईंना फोन करून सांगीन, पेट्रोल मोरीत न्हाई तर गाडीत परत वतीन, मोकळी हुईन.

तास झाला. बाटली मशीनच्या पायपट्टीखाली हाय. मी अजून वतली न्हाई. खरं सांगते तात्या, ते मासं आणि त्यो रेडकाच्या तोंडचा फेस डोळ्याम्होरनं जात न्हाई, आणि एकदा मी चिंधी काढून वास घिऊन बघितला आणि परत बसवली, दादानं बसवली हुती त्यापरीस घट्ट. उद्या शिवंवर सगळ्यांनी माज्या हातात द्यायचं हाय. माज्याम्होरं हात करून कोण उभं राहणार, ते बाईंनी ठरवलेलं न्हाई.

आत्ताच कोरेगावच्या आत्याचा फोन आला, तिकडं गारा पडल्यात, लिंबाएवढ्या. मी व्हय व्हय म्हणत हुते, आणि पाय बाटलीला लागला हुता.