लेकीच्या घरचं पाणी

रहाटणी, ४ ऑगस्ट

ती. आईस विजयश्रीचा नमस्कार, वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायला मनाई, म्हणून कागद घेतला. डोहाळजेवणाला आलीस, ओटी भरलीस, आणि स्वतः मात्र घरून आणलेली भाकरी जिन्यात बसून खाल्लीस. पाण्याची बाटलीही तुझीच. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, कबूल; पण सासूबाई फार हिरमुसल्या. खालच्या परवीनभाभी म्हणाल्या, तुमच्या अम्मी इलेक्शन ड्यूटीवर आल्यासारख्या डबा घेऊन आल्या होत्या.

बाळंतपणाला माहेरी येणं जमायचं नाही. छातीत पेसमेकर, तेव्हा हृदयाचे डॉक्टर जवळ हवेत म्हणे. मशीन ठीक आहे. मी वेल्डिंगजवळ उभं राहायचं नाही, एवढंच डॉक्टरांनी सांगितलंय. पण नवनाथ चाकणला कंपनीत वेल्डिंग करतो ना, तर घरी आल्यावर कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय माझ्याजवळ बसत नाही. हसूही येतं आणि वाईटही वाटतं.

तू महिनाभर इथे येऊन राहा. मला भीती वाटते, आई.

अण्णांना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी विजू

केज, ११ ऑगस्ट

चि. सौ. विजूस अनेक आशीर्वाद.

महिनाभर राहा म्हणतेस, बाटलीवर किती दिवस काढू? हसू नको. कॉलेजात चक्कर येऊन पडलीस आणि ते मशीन बसवलं, तेव्हापासून तुझ्या बाबतीत मी काहीच चुकवत नाही. माझ्याकडून रीत मोडली आणि तुझ्या काळजाला त्रास झाला तर मी काय करू? बाळ झालं की तुझ्याच घरी पहिला घास. विहीणबाईंना सांग, पुरण शिजवा, चार पोळ्या खाईन. झबली शिवून झालीत, टोपडं राहिलंय.

जीवाला जप बाई. आमची आठवण ठेव.
आई

रहाटणी, १९ सप्टेंबर

ती. आईस नमस्कार.

बाळाला माती दिली आणि तू तशीच एसटी स्टँडवर गेलीस. अण्णा एकटे आहेत म्हणालीस. खरं कारण मला कळतं.

सगळे माझ्या छातीकडे बघत होते. मशीन एकदाही चुकलं नाही. बाळच फार लवकर आलं, त्याला श्वास पुरला नाही. कुणाची चूक नाही असं डॉक्टर सांगतात, पण नवनाथ मोरीत हात धूत बसतो, उठतच नाही. मला दूध येतंय, आई. ब्लाउज भिजतो आणि मी रडते.

काल सासूबाई म्हणाल्या, तू बाळंतीण आहेस आणि तुझी आई अजून आपल्या दारात तहानलेली. मलाही तेच वाटतं. दोन दिवस होतं, पण मला मूल झालं. ते किती जगायला हवं, असं रीतीत काही आहे का? नसेल तर जेवायला ये.

वाट बघते.
विजू

केज, २५ सप्टेंबर

चि. विजूस आशीर्वाद.

तुझं पत्र अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, जा. जाऊबाई त्यांच्याजवळ थांबतील. विहीणबाईंना म्हणावं, पुरण नको, साधा वरणभात टाका. रविवारी येते आणि तू बरी होईपर्यंत राहते.

बाटली आणत नाही. तुझ्या हातानं पाणी दे.

तुझी आई
छबूबाई