किल्टची मागची चुणी

सोमवार, ९ जून
लिहीन लिहीन म्हणत आठवडा गेला. आता निघालोय, तेव्हा वही उघडली!
शनिवारी डोंगरापलीकडे ग्लेनेल्गला माझ्या बहिणीचं, मायरीचं लग्न. आमच्या घरचा नेम — मुलीला चर्चमध्ये हात धरून नेणारा पुरुष तिथवर चालत जातो, आजोबांचा किल्ट, तो चुण्याचुण्यांचा लोकरी घागरा, नेसून. मान बाबांचा. पण नवऱ्यामुलाच्या बापाशी त्यांचं कुरणावरून वाजलंय. "ज्यानं माझी मेंढरं हाकलली त्याच्या दारात? मेलो तरी नाही!" म्हणून मी. बाबांनी किल्ट माझ्या पलंगावर टाकला.
मायरी म्हणाली, "टॉर्मोड, बाबा नाहीत तर नाहीत. निदान किल्ट तरी धड आण!"

मंगळवार
गुडघ्यामागे गोचीड. चालायला मात्र झकास — पाय मोकळे, वारा खेळता. पाऊस आला की कमरेला ओली मेंढी बांधल्यासारखं वाटतं.

बुधवार
घात झाला.
खाडीवर पाणमांजर दिसलं. पाठीवर उताणं पडून खेकडा फोडत होतं. बघत बसलो. भान आलं तेव्हा भरती चढलेली, काठाची वाट गायब! कमरेभर पाण्यातून आलो. डोंगरातल्या या वाटसरूंच्या झोपडीत शेगडी पेटवली, किल्ट जवळ टांगला, आणि जरा पडलो. करपल्या वासानं उठलो.
मागच्या चुणीला भोक. मूठ जाईल एवढं! आणि चर्चमध्ये सगळ्यांना दिसणार ती पाठच.

गुरुवार
सकाळपासून पाऊस. निघायला हवं, पण कुठल्या तोंडानं?
दुपारी इशबेल नावाची म्हातारी आली, एकटीच उलट्या दिशेनं चाललेली. म्हणाली, "किल्टच्या आत काय असतं ते सगळे विचारतात, मी नाही हो विचारणार. तुझ्या भोकातनं दिसतंच आहे!" हसून हसून खोकली. मी रडायच्या बेतात.
मग चुण्या चाचपून म्हणाली, "आठ वार लोकर आहे, पोरा. मागची शिवण उसव, चुण्या सरकवून घाल, भोक घडीत जाईल."
"तुम्ही घालाल?"
"सुई आहे, डोळे नाहीत."
सुईदोरा ठेवून गेली. मला बटण लावता येत नाही. आमच्यात चुण्या घालता येतात फक्त बाबांना, पलटणीत शिकलेले. त्यांना काय सांगू — तुमच्या बापाचा किल्ट जाळला?
मायरी दारात उभी राहील. वाट बघत.

गुरुवार, पुन्हा
तीन चुण्या उसवल्या. आता परत कशा घालायच्या ते कळत नाही. आधी होतं त्याहून वाईट करून ठेवलं!
दार वाजलं. इशबेल काही विसरली असेल.

इशबेल नाही. बाबा! चिखलानं माखलेले, निथळतायत. भोकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "सरक, गाढवा. सुई दे इकडे."
गळ्यात, बंदांनी अडकवलेले, त्यांचे लग्नकार्यालाच घालायचे काळे बूट.