राखेचा डबा

२४ मार्च २००३, सोमवार

सतरा टक्के! परत सतरा. जानेवारीत याच निकेलने, याच नळीत एकसष्ट टक्के कार्बन डायऑक्साइडचा मिथेन केला होता. तेव्हा साहेबांनी अख्ख्या लॅबला पेढे वाटले. आज कागद बघून एवढंच म्हणाले, "मीना, तो आकडा खरा होता ना?"

मी हो म्हणाले. पण मुरबाडपासून किन्हवलीपर्यंत एसटीत माझं मलाच विचारत बसले.

२६ मार्च

एकोणीस.

२८ मार्च, शुक्रवार

सगळं पुन्हा तपासलं. निकेलला राखेवर बसवावं लागतं. लावणीत रोपं अंतराअंतराने लागावीत तसे त्याचे कण पसरले, तरच काम होतं. इथे ते गोळा होऊन बसलेत. राख तर तीच — आमच्या गावच्या गिरणीतली, भात उकडायच्या भट्टीत जळलेल्या तुसाची. मग जानेवारीतच काय वेगळं झालं? वहीत एवढंच सापडलं: "राख जरा करडी." सर्दावली असेल म्हणून सोडून दिलं होतं. गाढव मी.

साहेब म्हणाले, पुढच्या शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर हे काम बंद, आणि जानेवारीचा आकडा संशयास्पद असं लिहावं लागेल. नोकरी गेली तर दुसरी बघेन. पण खोटारडी ठरून जायचं — ते मला सहन होणार नाही.

३० मार्च, रविवार

घरी सांगून टाकलं. बाईजाआत्या — मला लहानाचं मोठं तिनेच केलं — भाकरी थापता थापता थांबली. तव्यावरची करपली तरी उलटली नाही. मग खाली बघूनच म्हणाली, "संक्रांतीला तुझा डबा पडवीत होता ना, तो माझ्या हातून कलंडला. सगळी राख वाऱ्यावर गेली. मग मी माझी भांडी घासायची भरून ठेवली. राख ती राख, म्हटलं. तुला काय कळायचं नाय."

तिची राख म्हणजे अंगणातला तुसाचा ढीग, दोन-तीन दिवस नुसता धुमसत ठेवलेला. जाळ म्हणून नाही! भट्टीच्या आचेने राख आवळून कडक होते, हिची करडी, मोकळी राहते, निकेलला पसरायला जागा देते. तो डबा संपल्यावर मी परत गिरणीचीच राख आणली होती. हसू फुटलं आणि हसता हसता रडले. आत्याला वाटलं मी चिडले.

३ एप्रिल, गुरुवार

साठ! आत्याचीच राख, आम्लात धुतलेली, वर निकेल. दुपारी दुसरी फेरी — बासष्ट. हुश्श! जिवात जीव आला. साहेबांना सगळं खरं सांगितलं. पोट धरून हसले. म्हणाले, "आत्यांना विचारून नीट लिहून आणा, ढिगाला विस्तव कुठून लावतात ते."

येताना जीपमध्ये चक्क झोप लागली. किती दिवसांनी.

४ एप्रिल

आत्याला विचारलं, अडीच महिने बोलली का नाहीस? ढीग उकरता उकरता ती म्हणाली, "तू शिकल्यापासून भ्या वाटतं गो तुझं."