तापाची नोंद

अंबरनाथ, नोव्हेंबर २००७

शिवराम,

तू गेलास हे मला तुझ्या नातीच्या फोनवरून कळलं. मनाली उद्या दहाला आमच्या स्काऊट संग्रहालयात येतेय. शाळेने दिलेली एक खोली आहे, आम्ही चार निवृत्त माणसं ती सांभाळतो. ती म्हणाली, "आजोबा शिबिर अर्धवट सोडून का आले, ते कधी बोललेच नाहीत. तुमच्याकडे काही नोंद आहे का?"

आहे. एकोणसाठ सालची आपल्या संघाची वही काचेच्या कपाटात आहे. संघनायक म्हणून ती मीच लिहायचो. 'शिवराम तापामुळे विठ्ठलवाडीला घरी गेला.'

तुला ताप नव्हता. त्या दिवशी स्वयंपाकाची पाळी तुझी होती. तुझ्या हातची खिचडी पाच जणांनी जातीवरून नाकारली आणि सरांनी तुलाच घरी पाठवलं.

पान फाडणार नाही. त्याच्याखाली लावायला खरं काय ते सांगणारं कार्ड लिहायला बसलोय. तीन कार्डं वाया घालवली. तिन्हींवर 'पाच जण' असंच लिहिलं गेलं. वर तुलाही तेच लिहिलंय.

आम्ही सहा होतो. सगळ्यांत आधी ताट मी सरकवलं.

तुझा संघनायक,
गुरुदत्त