राहिलेला उर्लार

मी, दत्तात्रय गोविंद सबनीस, वय अडुसष्ट, निवृत्त अभियंता, मूळचा नागपूरचा, राहणार स्लायगो, आयर्लंड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तसे नाही, त्याचे कागद डॉक्टरांकडे मिळतील. माझ्यावर कोणीही दबाव आणलेला नाही; दबाव आणण्यापुरतेही कोणी इकडे फिरकत नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. वकीलबाईंच्या आग्रहावरून इंग्रजी तर्जुमा जोडला आहे, परंतु मला नीट रागावता येते ते मराठीतच, म्हणून हेच मूळ धरावे.

कलम १. माझे पाईप, म्हणजे पिशवीत फुंकून वाजवायचे बॅगपाईप, माझी मुलगी सानिका हिला मिळणार नाहीत.

कलम २. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा आशिष व मुलगी सानिका यांना निम्मी निम्मी. घरावरून माझे कोणाशी भांडण नाही. आशिष सँडीफोर्डच्या फ्लॅटमधून वर्षातून दोनदा येतो आणि पाईपची पेटी दिसली की तोंड वाकडे करतो. शाळेत असताना विचारायचा, "बाबा, याला व्हॉल्यूम नाहीये का? थोडं कमी करा ना, प्लीज." नाही. पाईपला आवाज कमी-जास्त करता येत नाही. पिशवीत हवा आहे तोवर मागच्या तीन नळ्यांचा सूर सुटत नाही, आणि पुढच्या नळीवर बोटे फिरतात तिथेही मध्ये थांबायची सोय नाही. तोच स्वर पुन्हा हवा असेल तर मध्ये एखादा निसटता स्वर टाकून तो तोडावा लागतो. मनात काय आहे ते दाखवायचे, तर स्वर किती लांबवला यातूनच. हे त्याला पंचवीस वर्षांत समजले नाही, तरी जिन्याखालच्या खोलीतले पुस्तकांचे कपाट त्यालाच द्यावे.

कलम ३. आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा ढोल माझ्या गॅरेजमध्ये पडून आहे. तो अध्यक्ष बाळासाहेबांनी स्वखर्चाने उचलावा. गणपतीत त्यांनी मला वाजवायला बोलावले आणि स्टेजच्या पायरीवर गाठून सांगितले, "सर, दोन मिनिटांत आटपा हां. जिग टाइप काहीतरी टाका, पब्लिक नाचेल असं. एकदम ग्रँड होईल." जिग हे लहान संगीत. मी शिकलो ते मोठे. गेलिक सरदारांच्या पदरी पाईपवाल्यांची घराणी असत. कोणी मेला तर शोकाची धून, कोणी आला तर सलामीची, लढाई असेल तर माणसे गोळा करायची. बापाने मुलाला ती तोंडी दिली. पुढे इथले सरदार संपले आणि त्यांच्यामागे हे वादनही इथून उठले; टिकले ते समुद्रापलीकडे, स्कॉटलंडच्या बेटांवर. मुळात ते हार्पच्या तारांवरून पाईपवर आले असे काही जाणकार म्हणतात, काही त्याला हसतात. बाळासाहेबांना दोन्ही पक्षांशी कर्तव्य नव्हते. ढोलाचे एक पान उंदरांनी कुरतडले आहे. मी उंदरांना अडवले नाही.

कलम ४. रीड, म्हणजे नळ्यांत बसणाऱ्या वेताच्या जिभा, तासायच्या सुऱ्या, वेताचे तुकडे आणि मेण लावलेला दोरा माझे गुरू कै. यूजीन मॅकगोवन यांच्या पत्नी नोरीन यांना परत द्यावा. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, डाव्या हाताला त्याची जागा आहे. त्याच स्वयंपाकघरात यूजीनने मला आणि नऊ वर्षांच्या सानिकाला शिकवले. कागद समोर ठेवू दिला नाही. प्रत्येक स्वराला आणि बोटांच्या प्रत्येक झटक्याला एक अक्षर असते, ते गाऊन दाखवायचा. आम्ही तबल्याचे बोल म्हणावेत तसे त्याच्यामागून म्हणायचो. सानिका घरी मराठी समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. माझ्या इंग्रजीला तिच्या मैत्रिणी हसत, तिच्या मराठीला तिची आजी हसे. त्या अक्षरांना मात्र हसायला कोणी नव्हते. हिन, हो, ध्रो म्हणताना आम्हा दोघांचा उच्चार सारखा होता. गाडीतून घरी येताना आम्ही तेच बोलत असू. बापलेकीत दुसरी भाषा मी कधी मिळवली नाही, आणि ही होती तीही गेली.

कलम ५. ती कशी गेली, ते इथे नोंदवतो, म्हणजे माझ्यामागे आशिष आपल्या सोयीने सांगत फिरणार नाही.

मोठ्या संगीताची बांधणी साधी आहे. आधी उर्लार, म्हणजे जमीन: संथ, मोकळी धून. मग त्याच धुनेवर एकामागून एक फेरे. मूळ स्वर जागेवर राहतात, त्यांच्याभोवती बोटांचे झटके दाट होत जातात, शेवटच्या फेऱ्यात तर नुसती गर्दी. आणि मग सगळे टाकून पुन्हा उर्लार, पहिल्यासारखाच, एक स्वर न बदलता. यूजीनचा नियम होता की ज्याने जमीन घातली त्यानेच परत यायचे. दुसऱ्याने पूर्ण करायची नाही.

चार वर्षांपूर्वी माझी पत्नी शुभदा गेली. माझी छाती तेव्हा नुकतीच उघडून शिवलेली होती, फुंकायला मनाई झाली ती कायमची. म्हणून दहनगृहात माझे पाईप सानिकाने घेतले. तिने उर्लार घातला. इतका चांगला मला कधी वाजवता आला नाही. हे मी तिला सांगितलेले नाही, मृत्युपत्रात असू द्यावे. मग ती फेऱ्यामागून फेरे चढत गेली, आणि शेवटच्या फेऱ्याच्या टोकाला तिने पिशवी सोडली. नळ्या केविलवाण्या रेकून गप्प झाल्या. ती पाईप घेऊन बाहेर निघून गेली आणि शवपेटीपुढचा पडदा सरकला.

गाड्यांपाशी मी तिला म्हणालो, "आईला अर्ध्यात टाकलंस."

ती म्हणाली, "आय कुडन्ट, बाबा. परत उर्लारला गेले असते तर दॅट वॉज इट. ती गेलीच असती."

मी म्हणालो, "ती गेलीच आहे."

त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. ती नास गावातल्या इस्पितळात काम करते आणि दर रविवारी फोन करते. मी तो वाजू देतो. तिला वाटते बाबा हट्टी आहेत. मी हट्टी नाही, मी चार वर्षे त्या शेवटच्या फेऱ्यात अडकलो आहे, आणि नियमाप्रमाणे मला त्यातून बाहेर काढणे माझ्या हातात नाही. याचा मला तिच्यावर फार राग आहे.

कलम ६. माझा अंत्यविधी त्याच दहनगृहात व्हावा. भाषणे नकोत, विशेषतः मंडळाची. माझ्यासाठी कोणतीही धून वाजवू नये. आशिषने पाईपची पेटी तिथे न्यावी, तोंड वाकडे न करता, आणि सानिकाच्या हाती द्यावी. तिने फक्त उर्लार वाजवावा. तो माझा नाही. तिच्या आईचा राहिलेला आहे.

पाईप वाजते आहेत. पिशवी सुकू नये म्हणून मी तिला दर महिन्याला चामड्याचा मसाला चोळला आहे, सांध्यांचा दोरा नवा आहे. रीड मी या हिवाळ्यात तासले. माझे जड असायचे. हे हलके आहे, सानिकाच्या फुंकेच्या बेताचे. यावरून मी तिला माफ केले असा अर्थ कोणी काढू नये.

कलम १, पुन्हा. माझे पाईप माझी मुलगी सानिका हिला मिळणार नाहीत, उर्लार पूर्ण वाजवून होईपर्यंत.

वरील मजकूर मी वाचला, तो माझाच आहे, आणि खालील दोघांच्या समोर सही करतो.

दत्तात्रय गोविंद सबनीस (सही)

साक्षीदार:
१. गिरिजा परचुरे, कारखान्यातली जुनी सहकारी (सही)
२. नोएल फीनी, शेजारी. याने माझ्या रियाजाविरुद्ध एकदा कौन्सिलकडे तक्रार केली होती. माझी कोणतीही वस्तू त्याला नको असल्याने साक्षीदार म्हणून तो उत्तम आहे. (सही)

स्थळ: स्लायगो
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार. सही करताना फोन वाजत होता.